मदत हवी आहे : न्हाणीघरातील काचेवरचे क्षारांचे डाग

नमस्कार. आम्ही वाघोलीत राहतो आणि आमच्या सोसायटीत बोअरवेलचे व टँकरचे पाणी एकत्र करून पुरवले जाते. तपासणीत या पाण्याचा कठीणपणा (म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण) लिटरमागे 600 मिलिग्रॅमच्या वर निघाला. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यासाठी इष्ट मर्यादा 200 आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. (पिण्यासाठी आरओ आहे, त्यामुळे प्रश्न फक्त वापराच्या पाण्याचा आहे.)

शॉवरच्या काचेच्या दारावर, विशेषतः बिजागऱ्यांभोवती आणि खालच्या रबरी पट्टीलगत, पांढरा खरबरीत थर बसला असून नखाने खरवडला तरी तो निघत नाही. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेले कापड काही वेळ चिकटवून ठेवल्यास ताजे डाग विरघळतात, जुने मात्र फक्त फिकट होतात. लिंबूसत्त्व अधिक तीव्र करून पाहावे असे वाटते, पण दाराखालचा उंबरठा संगमरवरी आहे आणि आम्लाचा ओघळ त्यावर गेला तर त्याची चकाकी जाईल. बाजारातले टाइल्स साफ करायचे ॲसिड याच कारणाने, आणि नळांच्या क्रोमसाठीही, मला नको आहे.

उंबरठा सांभाळून जुना थर कसा काढावा? काचेवर पाणी न टिकू देणारा लेप आपल्याकडच्या पाण्यात खरोखर टिकतो का? अंघोळीनंतर वायपर फिरवण्याची शिस्त घरात सर्वांना लागेल अशी आशा नाही, म्हणून संपूर्ण घरासाठी सॉफ्टनर (मिठाच्या मदतीने पाण्याचा कठीणपणा कमी करणारे यंत्र) बसवलेल्यांनी मिठाचा व देखभालीचा खर्च कळवल्यास फार उपयोग होईल.