जुन्या जीपला पुढे डिस्क ब्रेक: ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलिंडर किती बोअरचे (आतल्या व्यासाचे)?

जुनीजीप_ठाणे
विलीजच्या बॉडीवर जीप नव्याने बांधतोय. पुढे डिस्क, मागे मूळचे ड्रम. बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा डबा) जागा नाही. दोन्ही मास्टर फ्लोअरखाली चासीवरच बसतील. क्लचची लिंकेज (दांड्यांची जोडणी) काढून हायड्रॉलिक करायचाय, स्लेव्ह (क्लचकडचा छोटा सिलिंडर) सात सूतचा, म्हणजे ७/८ इंची आहे. कुर्ल्यात कारचा एक इंची टँडम मास्टर (पुढच्या-मागच्या ब्रेकला वेगळे दोन भाग असलेला) मिळतोय, होलही जुळतात. घ्यावा का? पेडल पिव्हटपासून पायाच्या पॅडपर्यंत ३०० मिमी, पुशरॉडपर्यंत (मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा) ५० मिमी.

वागळे_फिटर
होल जुळतात म्हणून घेऊ नका, बोअर बघून घ्या. तुमचा पेडल रेशो ३०० भागिले ५०, ६, म्हणजे पायाने ४० किलो दाबलंत की पुशरॉडवर २४० किलो. एक इंची बोअरचं क्षेत्रफळ ५.०७ चौ. सेंमी, प्रेशर मिळतं चौ. सेंमीला साधारण ४७ किलो. सात सूतचं ३.८८ चौ. सेंमी, त्याच पायाला ६२ किलो. बूस्टर नसताना हा फरक फार मोठा. एक इंचीवर पेडल कडक लागेल, गायमुखचा घाट उतरताना पाय भरून येईल आणि तरी गाडी हवी तशी धरणार नाही.

सात सूतचा तेल कमी ढकलतो, त्यामुळे पेडल थोडं खोल जातं. म्हणून मागचे लायनर आधी नीट अॅडजस्ट करा. ड्रममध्ये गॅप राहिली तर बराचसा स्ट्रोक तिथेच संपतो आणि दोष मास्टरवर येतो.

पारसिक_गॅरेज
दादा, कुर्ल्याचा तो मास्टर हातात घेऊन पिस्टनचं मागचं तोंड बघा. बूस्टरवाल्या गाडीच्या मास्टरला तिथे बहुधा उथळ खळगा असतो. पेडलचा पुशरॉड त्यातून निसटू शकतो, आणि निसटला की ब्रेक संपला. बूस्टर नसेल तर खोल भोकाचा पिस्टन आणि रॉड अडकवून धरणारा क्लिप हवाच.

मास्टर कॅलिपरच्या (डिस्कचे पॅड दाबणारा भाग) खाली बसतोय, म्हणजे तेल परत उतरणार. पुढच्या लाइनला २ पीएसआयचा (दाबाचं एकक) रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा, लावा, मागे ड्रमला १० चा. अदलाबदल करू नका. डिस्कला १० चा लागला तर पॅड घासत राहून रोटर तापतो. ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये हा व्हॉल्व्ह आतच असू शकतो, तेही तपासा.

क्लचच्या लाइनला मात्र रेसिड्युअल व्हॉल्व्ह कधीच नको. क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहून जळतं.

वागळे_फिटर
क्लचला पाऊण इंची मास्टर. पेडल १५० मिमी गेलं की मास्टर २५ मिमी, आणि सात सूतच्या स्लेव्हला मिळतात साधारण १८ मिमी. क्लच सुटायला तुमच्या फोर्कला (रिलीज बेअरिंग ढकलणारा) किती मिमी लागतात ते आधी मोजा. मास्टर मोठा घेतलात तर स्लेव्ह गरजेपेक्षा पुढे जातो, क्लचच्या डायफ्राम स्प्रिंगची बोटं वाकतात. पेडलला स्टॉपर बोल्ट लावाच.

जुनीजीप_ठाणे
पुशरॉडला प्ले किती ठेवू? हवा कशी काढू?

पारसिक_गॅरेज
रॉड आणि पिस्टनमध्ये १ ते २ मिमी. शून्य ठेवलंत तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, रिटर्नचं बारीक भोक बंद राहतं. मग तापलेलं तेल टाकीत परतू शकत नाही आणि थोडं चालवल्यावर ब्रेक आपोआप धरू लागतो.

मास्टर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये आडवा धरून, पोर्टला नळ्या लावून त्या टाकीतल्या तेलात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळू दाबा. मग गाडीवर हवा काढताना मास्टरपासून लांबचं चाक आधी. कॅलिपरची हवा काढायची निपल वरच्या अंगालाच आली पाहिजे. डावं-उजवं उलट बसलं तर हवा कधीच निघत नाही. तेल डॉट ३ किंवा डॉट ४. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत डॉट ३-४ पाणी ओढतं, तेव्हा दर दोन वर्षांनी बदला.