मायलोमात हिमोग्लोबिन ७.६, तरी लोहाच्या गोळ्या का नाहीत?

प्रश्न: बाबा ६४ वर्षांचे, मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग). पुढच्या आठवड्यात डाराटुमुमॅब (मायलोमाचं औषध) सुरू होणार. फेरिटिन (लोहाचा साठा) ४२०, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वापरायला मिळणारं लोह) १४ टक्के, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) २.१. घरचे बीट-खजुराच्या मागे लागलेत. रक्त लागलं तर भाऊ द्यायला तयार आहे, चालेल का?

उत्तर १: ताई, फेरिटिन ४२० आहे म्हणजे लोह शरीरात आहे, पण कोठाराला कुलूप लागलंय. मायलोमात इंटरल्यूकिन-६ हे दाहाचं प्रथिन वाढतं, त्यामुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातलंही सोडत नाही. गोळीने मळमळ आणि काळी शौच, बाकी काही नाही. खजूर खाऊ द्या, फक्त त्यावर भिस्त नको. सॅच्युरेशन २० च्या खाली आहे, तेव्हा शिरेतून लोह द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा.

त्यात क्रिएटिनिन २.१. मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक) कमी बनवत असणार. त्याचं इंजेक्शन हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर विचारात घेतात, पण लेनालिडोमाइड (मायलोमाचंच औषध) चालू असेल तर गुठळीचा धोका वाढतो आणि बीपीही चढतं. खरा इलाज मायलोमाचाच. मज्जेतल्या प्लाझ्मा पेशी हटल्या की हिमोग्लोबिन वर येतं, पण त्याला आठवडे लागतात.

उत्तर २: रक्तपेढीच्या बाजूने सांगतो. डाराटुमुमॅब मायलोमा पेशींवरच्या सीडी३८ या प्रथिनाला चिकटतं, पण लाल पेशींवरच्या सीडी३८ लाही चिकटतं, मग अँटिबॉडी स्क्रीन (रक्तात परक्या लाल पेशींविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ते पाहणं) आणि क्रॉसमॅच (दात्याचं रक्त जुळतं का ते पाहणं) खोटेच पॉझिटिव्ह येतात. म्हणून पहिल्या डोसआधी, आणि रक्त चढवण्याच्याही आधी, रक्तगट, अँटिबॉडी स्क्रीन आणि विस्तारित फेनोटाइप (लाल पेशींवरच्या इतर गटांची तपासणी) करून कागद फाइलला लावा. हा गोंधळ शेवटच्या डोसनंतरही सहा महिने राहू शकतो. प्रत्येक वेळी रक्तपेढीला औषधाचं नाव सांगा, नाहीतर ऐन गरजेला पिशवी अडकते.

भावाचं रक्त नको. सख्ख्या नात्यातल्या दात्याच्या लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत; त्या तिथेच वाढून रुग्णावर उलटू शकतात. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जीवघेणं. विकिरण केलेलं (किरणांनी त्या पेशी निकामी केलेलं) रक्त हाच त्यावर उपाय. भावाने बदली दाता म्हणून (घेतलेल्या पिशवीच्या बदल्यात रक्तपेढीला) जरूर द्यावं, पिशवी मात्र दुसऱ्याची घ्या.

उत्तर ३: एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅम वाढतं. एकदम दोन मागू नका, एक चढवून पुन्हा तपासा. पिशवी चार तासांत संपवायची, आणि त्याच नळीतून सलाइनखेरीज काही सोडायचं नाही. पहिली पंधरा मिनिटं नर्सला जवळ थांबवा. थंडी, कंबरदुखी, लाल लघवी, धाप यातलं काहीही दिसलं तर आधी पिशवी बंद, मग डॉक्टरला हाक. आणि हो, रक्तातलं एकूण प्रोटीन खूप जास्त असेल तर रक्त आधीच दाट असतं. चढवण्यापूर्वी तेही विचारून घ्या.