कंपवाताचा अभ्यास फळमाशीवर कशासाठी?

रानवारा:
बाबांना नऊ वर्षं कंपवात आहे. शर्टाची बटणं आता आई लावते. परवा एका व्याख्यानात ऐकलं की या आजाराची जनुकं फळमाशीत, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या त्या चिलटांत, तपासतात. मला पटलं नाही. तिच्या मेंदूत जेमतेम १.४ लाख चेतापेशी. कंपवातात मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचं जनुक तर तिच्यात नाहीच. २००० साली माणसाचं जनुक घालून तिला आजारी केलं. हा पैसा रुग्णांच्या अभ्यासावर लावा.

सोनचाफा:
सिन्यूक्लिनचं मान्य. पण पिंक-१ आणि पार्किनचं बघा. दोन्ही जनुकं माणसांतच सापडली, तरुणपणी कंपवात झालेल्या कुटुंबांत. पार्किन १९९८ला, पिंक-१ २००४ला. दोघांचं नातं काय, हे रुग्णांकडे बघून कळत नव्हतं. उंदरांत ती बंद केली तर चेतापेशी जवळपास शाबूत राहतात! २००६ साली माशीत पिंक-१ बंद केलं, तेव्हा उडण्याचे स्नायू झिजले, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, बिघडले. हुबेहूब पार्किन नसलेल्या माशीसारखं. त्याच माशीत पार्किन वाढवलं, ती सावरली. उलट, पार्किन नसलेल्या माशीत पिंक-१ वाढवून पाहिलं तर काहीच फरक नाही. म्हणजे पिंक-१ आधी, पार्किन नंतर. हा क्रम तुम्ही रुग्णात कसा लावणार?

रानवारा:
तुम्ही सांगताय ते स्नायूंचं. मेंदूचं काय? आणि बहुतेक रुग्णांत ही जनुकं बिघडलेली नसतातच. बाबांच्या तपासणीतही नव्हती. ते अजून लेवोडोपा या जुन्या औषधावरच आहेत.

सोनचाफा:
माशीच्या मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या, म्हणजे कंपवातात मरणाऱ्या, पेशींची झीज थोडीच दिसली, खरं आहे. पण बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर पिंक-१ खूण करतं आणि पार्किन त्यांची विल्हेवाट लावायला येतं, हे पुढे माणसाच्या पेशींत दिसलं. औषध शोधणारे आज त्याच वाटेवर काम करताहेत.

काचनळी:
मी पीएचडीला माश्यांवरच होते. नळीवर टिचकी मारून माश्या तळाशी पाडायच्या आणि दहा सेकंदांत किती वर चढल्या ते मोजायचं, रोज. दहा दिवसांत नवी पिढी, त्यामुळे शेकडो जनुकं एकेक करून बंद करता येतात. उंदरांत हे होणार नाही. पण सोनचाफा, औषधाच्या बाबतीत मी रानवारांच्या बाजूने आहे. माशी वर चढली की 'कंपवातावर उपाय सापडला' अशी बातमी येते, आणि घरोघरी आशा लागते. ते थांबायला हवं.

रानवारा:
ती बातमी आईने कापून ठेवली होती. क्रमाचं आज समजलं, व्याख्यानात कुणी सांगितलं नव्हतं. पैशाबद्दल माझं म्हणणं मात्र तेच आहे.