अमेरिकेत घराचं लोन: तीन ब्युरो, तीन स्कोअर, असं का?

प्रश्न: पुढच्या महिन्यात मॉर्गेजसाठी अर्ज करायचाय. ॲप्सवर माझा क्रेडिट स्कोअर (कर्ज-कार्डं कशी फेडतो यावरचे गुण) तिन्ही क्रेडिट ब्युरोंचा, म्हणजे असा हिशोब ठेवणाऱ्या कंपन्यांचा, वेगळा आहे: एक्सपेरियनचा ७४२, ट्रान्सयुनियनचा ७२८ आणि इक्विफॅक्सचा थेट ६८९ दिसतोय. माणूस एकच, कार्डं तीच, मग एवढा फरक कसा? जाम टेन्शन आलंय.

उत्तर: घाबरू नका. प्रत्येक बँक तिन्ही ब्युरोंना माहिती पाठवतेच असं नाही, कुणी दोघांनाच पाठवतं, शिवाय पाठवायची तारीखही वेगवेगळी, त्यामुळे एकीकडे कार्डाची जुनी बाकी दिसते तर दुसरीकडे भरलेली. ६८९ वाला रिपोर्ट ओळ न ओळ वाचा. माझं बंद केलेलं कार्ड एकाच ब्युरोकडे चालू दाखवत होतं, डिस्प्यूट (चूक दाखवणारी तक्रार) टाकल्यावर दुरुस्त झालं.

उत्तर: आणि स्कोअर काढायच्या पद्धतीही वेगवेगळ्या: फुकट ॲपवर बऱ्याचदा व्हँटेजस्कोअर नावाची असते, मॉर्गेजवाले वर्षानुवर्षं फायको नावाच्या दुसऱ्या पद्धतीची जुनी व्हर्जन्स बघत आलेत. साधारणपणे तिन्हीतला मधला धरतात, सरासरी नाही. हेच आकडे त्यांच्याकडे आले तर ७२८.

प्रश्नकर्ता: वाचला रिपोर्ट. इक्विफॅक्सकडे एका कार्डाची ९० टक्के लिमिट वापरलेली दिसतेय, मी तर गेल्या आठवड्यात सगळं भरलं!

उत्तर: मग तेच कारण असणार, लिमिट एवढी वापरलेली दिसली की स्कोअर घसरतो. पुढचं स्टेटमेंट निघून आकडा अपडेट होऊ दे, तोवर नवीन कार्ड अजिबात घेऊ नका.