स्किप्टनमध्ये (यॉर्कशायर) मुलीसाठी सेकंडरी शाळा – सल्ला हवा

चैत्रपालवी
नवऱ्याला एअरडेल हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आहे, जानेवारीत निघतोय. लेक साडेअकरा वर्षांची, पुण्यात सहावीत, इंग्रजी माध्यम. घर स्किप्टनला घ्यायचा विचार आहे. तिथल्या मुलींच्या ग्रामर स्कूलचं (परीक्षा घेऊन प्रवेश देणारी शाळा) नाव ऐकलंय. वर्षाच्या मध्येच घेतील का? फी किती असते?

डोंगरवाट
फी नाही. ग्रामर असली तरी सरकारी शाळाच, आणि डिपेंडंट व्हिसावरच्या मुलांनाही फुकट. लेक इयर सेव्हनमध्ये बसेल. ३१ ऑगस्टला पूर्ण झालेलं वय बघून इयत्ता ठरते, पुण्यात कितवीत होती हे कुणी विचारत नाही.

नेहमीचा प्रवेश म्हणजे इयर सिक्समध्ये ३१ ऑक्टोबरपर्यंत अर्ज, १ मार्चला निकाल. ती गाडी तुमची सुटली. आता 'इन-इयर' अर्ज, म्हणजे वर्षाच्या मध्येच. स्किप्टन गर्ल्स हायस्कूलला (तुम्ही म्हणताय ती ग्रामर) परीक्षा द्यावी लागेल, आणि पास झाली तरी त्या वर्गात जागा रिकामी हवी, नाहीतर वेटिंग लिस्ट. (अर्मिस्टेड्स या स्किप्टनच्याच दुसऱ्या ग्रामरचं नाव कुणी सुचवलं तर सोडून द्या, ती मुलग्यांची.)

तेव्हा स्किप्टन अकॅडमी या शाळेलाही अर्ज टाका. तिथे प्रवेश परीक्षेची भानगड नाही.

गवतीचहा
डोंगरवाट, अकॅडमी कशाला आधीच डोक्यात भरवताय? पोरगी हुशार असेल तर ग्रामरसाठी थांबावं की.

डोंगरवाट
थांबा, पण घरी बसवून नाही! आधी जिथे जागा आहे तिथे घाला, नाव वेटिंग लिस्टवर राहू द्या. नकार आला तर अपीलही करता येतं.

लिंबूटिंबू
चैत्रपालवीताई, घर स्किप्टनलाच का पण? हॉस्पिटल स्टीटनला आहे. तिथून क्रॉस हिल्स जवळ, तिथे साउथ क्रेव्हन स्कूल, मुलं-मुली एकत्र. मात्र एक गोम आहे: स्टीटन ब्रॅडफर्ड कौन्सिलमध्ये (कौन्सिल म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था) येतं, तर क्रॉस हिल्स आणि स्किप्टन नॉर्थ यॉर्कशायरमध्ये. भाडेकरार करण्याआधी दोन्ही कौन्सिलांना मेल टाकून कुठल्या इयत्तेत जागा आहे ते विचारा. स्किप्टनला राहिलात तरी साहेबांना ट्रेन आहेच, स्टीटन अँड सिल्सडेन स्टेशन त्याच लाइनवर.

ब्लेझर-टाय आधी घेऊन ठेवू नका, शाळा नक्की झाल्यावरच. साधी काळी पँट आणि पांढरे शर्ट सुपरमार्केटात स्वस्त मिळतात. जाड रेनकोट घ्याल, पण ती घालणार नाही. इथली पोरं धो धो पावसात नुसत्या ब्लेझरवर चालत जातात, आईबापांचं कोण ऐकतंय.

चैत्रपालवी
बापरे, कौन्सिलचं हे डोक्यातच नव्हतं. भाषांचं काय? तिचं मराठी सुटेल का?

डोंगरवाट
शाळेत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश असलं काहीतरी. जीसीएसईला (तिकडची दहावीसारखी परीक्षा) गुजराती, पंजाबी, बंगाली आहेत, मराठी नाही. ते घरीच बघावं लागेल. पुण्याच्या शाळेचे शेवटचे दोन रिपोर्ट आणि जन्मदाखला हँडबॅगेत ठेवा.

चैत्रपालवी
आज रात्रीच दोन्हीकडे मेल करते. परीक्षा कशी असते ते कुणाच्या मुलीने अलीकडे दिली असेल तर सांगा प्लीज.