गावठी काळी डुकरं टिकवायची तर नर किती लागतील?

सीनाकाठ (मोहोळ): कळपात 20 गावठी माद्या आणि एकच नर आहे. वजनासाठी लार्ज व्हाइट यॉर्कशायर या पांढऱ्या विलायती जातीचा नर सोडा, असं सगळे सांगतात. पण काळी जातही हातची जाऊ द्यायची नाही. हल्ली वेताला पिलं कमी पडतायत, काहींना बेंबीपाशी हर्निया आहे. काय करावं?

पशुवैद्य_पंढरपूर: आधी नराचं बघा. जनुकांच्या हिशेबाने कळप किती मोठा, ते असं काढतात: 4 × नर × माद्या, भागिले नर-माद्यांची बेरीज. तुमचं उत्तर 3.8 येतं, म्हणजे 21 जनावरं असूनही कळप जेमतेम चार जनावरांएवढाच. त्यामुळे पिढीमागे अंतःप्रजनन (नात्यातल्या नात्यात पैदास) साधारण 13 टक्क्यांनी वाढणार. माद्या 40 केल्या तरी आकडा 3.9च! नर 4 केले की मात्र 13.3, आणि वाढ पावणेचार टक्क्यांवर येते.

तीन नर करमाळा, सांगोला अशा लांबच्या, वेगवेगळ्या कळपांतून आणा. एका वेताचे भाऊ नकोत. पाच-पाच माद्यांचे चार गट करा. पुढच्या पिढीचा नर निवडताना पहिल्या गटात जन्मलेला दुसऱ्याला द्या, दुसऱ्याचा तिसऱ्याला, चौथ्याचा पहिल्याला. मादी पिलं जन्मल्या गटातच ठेवा. कानाला खाच आणि वहीत आई-बापाची नोंद हवीच, नाहीतर वर्षभरात सगळा घोळ होतो. उरलेले नर दोन-तीन आठवड्यांचे असतानाच खच्ची करा. गावठी नर फार लवकर वयात येतो आणि बहिणीवरच चढतो.

हर्निया निघालेल्या वेतातलं एकही पिलू पैदाशीला ठेवू नका. पिलं कमी पडण्याचं खापर मात्र लगेच अंतःप्रजननावर फोडू नका. ब्रुसेला, पार्व्हो या गाभ बिघडवणाऱ्या रोगांची तपासणी करून घ्या. शिवाय मे महिन्यातल्या उन्हाने नराचं वीर्य पुढे महिना-दीड महिना कमजोर राहतं.

माळरान: संकर करा, पण प्रत्येक मादीची पहिली दोन वेतं गावठी नराचीच घ्या. त्यानंतर यॉर्कशायर, तेही कृत्रिम रेतनाने. अडीचशे किलोचा नर गावठी मादीला पेलत नाही. संकरित पिलं झाडून सगळी विकायची. त्यातल्या माद्या ठेवून पुन्हा यॉर्कशायर लावत गेलात तर तिसऱ्या पिढीत गावठी रक्त साडेबारा टक्के उरतं. आणि पांढऱ्या कातडीची डुकरं सोलापूरच्या उन्हात भाजतात; सावली आणि पाण्याचं डबकं लागेलच.

सीनाकाठ: जातीची नोंदणी होते का?

पशुवैद्य_पंढरपूर: होते, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे. गोव्याची अगोंदा गोवन, बंगालची घुंगरू नोंदलेल्या आहेत. पण एका कळपावर जात ठरत नाही. बऱ्याच गावांतली मोजमापं, फोटो, वेताच्या नोंदी लागतात. डीएनएसाठी एकमेकांच्या नात्यात नसलेल्या 40-50 जनावरांचे नमुने घ्या. एका घरची दहा भावंडं दिलीत तर विविधता आहे त्यापेक्षा कमी दिसेल.

माळरान: चारही गट एका आवारात ठेवू नका, निदान दोन गावांत विभागा; रोग आला तर सगळे एकदम जायला नकोत. हॉग कॉलरा या डुकरांच्या विषाणू-तापाची लस मिळते ती टोचा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा दुसरा जीवघेणा विषाणू-ताप 2020 साली आसाम-अरुणाचलात आला, त्यावर औषध नाही. असे रोग खरकट्यातूनही येतात, म्हणून हॉटेलचं खरकटं घालत असाल तर उकळी फुटल्यावर अर्धा तास ढवळत शिजवा. कच्च्या खरकट्याची बादली शिजवलेल्याला वापरू नका. सगळं बिघडतं ते तिथेच.