बेसच्या पेडलबोर्डमधून चीं आणि घूं, दोन्ही एकदम! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेस गिटार बऱ्याच काळापासून वाजवतो, पेडलांचा (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्यांचा) नाद मात्र अलीकडचा. बोर्डातून नको ते आवाज येताहेत, आणि कुठला आवाज कशामुळे येतो हेच सुटं करता येत नाहीये. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया वाट दाखवा.

जोडणी अशी आहे: चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) जॅझ बेस, दोन सिंगल कॉइल पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारांची कंपनं टिपणारं चुंबकी वेटोळं). त्यातून ट्यूनर, मग कॉम्प्रेसर (मोठे सूर दाबणारा), मग ओव्हरड्राइव्ह (आवाज मोठा करून फाडणारा), मग डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारा; हो, बेसवर डिले. नावं नंतर ठेवा) आणि शेवटी डीआय (मिक्सरला सिग्नल देणारी जोडणी) असलेला प्रीअँप. प्रीअँपच्या साध्या जॅकमधून माझा अँप, तीन पिनांच्या एक्सएलआर जॅकमधून मिक्सर. सगळी पेडलं ९ व्होल्टची, आतली पिन निगेटिव्ह, आणि सगळी एकाच अ‍ॅडॉप्टरवर, माळेसारख्या वायरीने. अ‍ॅडॉप्टर ५०० मिलिअँपिअरचा आहे. पेडलांवर छापलेल्या आकड्यांची बेरीज ३८० च्या आसपास जाते, म्हणजे करंट कमी पडत नसावा.

आता तक्रारी. एक म्हणजे कानाशी डास घोंघावावा तशी बारीक चींऽऽ. ओव्हरड्राइव्ह बंद असताना जवळपास ऐकूच येत नाही. चालू केला की येते आणि गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवावा तशी वाढते. डिले बायपास केला (म्हणजे सिग्नल त्याला वगळून पुढे नेला) तरी हटत नाही, पण डिलेची पॉवरची वायर उपटली की गायब! (बायपास साध्या स्विचचा असल्याने पॉवर नसतानाही सिग्नल पुढे जातो.) माझं डोकं इथेच फिरलंय, कारण डिले ओव्हरड्राइव्हच्या नंतर आहे. पुढच्या पेडलचा आवाज उलटा मागे जाऊन मोठा होऊन कसा येईल?

दुसरा आवाज जाडा, घूंऽऽ असा. नुसता अँप लावला तर नाही, नुसता मिक्सर लावला तरी नाही, दोन्ही एकदम लावले की सुरू.

तिसरं म्हणजे सूर थांबवला की क्षणभराने खालून एक सळसळ वर येते, आणि सोबत थोडी गुणगुणही. बेस थेट अँपला लावला तर हे काहीच नाही.

पॅच केबली एकेक करून बदलून पाहिल्या, फरक शून्य. एका मित्राचा नॉइज गेट (सूर थांबला की आवाज बंद करणारं पेडल) आणून शेवटी लावला, तर खालच्या ई तारेचा सूर विझताना फडफडतो, तुटक ऐकू येतो. आणि एका अनुभवी माणसाने सांगितलं की अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, घूं जाईल. करू का?

प्रतिसाद

आधी शेवटच्या प्रश्नाचं: नाही. त्रिवार नाही. बेसच्या तारा ब्रिजमधून (तारा टेकतात त्या धातूच्या भागातून) केबलच्या जाळीला, जाळी अँपच्या पत्र्याला आणि पत्रा अर्थिंगला जोडलेला असतो. अँपमध्ये कधी बिघाड होऊन पत्र्यावर लाइन आली तर ती जमिनीत जावी म्हणूनच ती पिन आहे. ती काढली की लाइन तारांवर येऊन थांबते, तुमच्या बोटांची आणि माइकला लागणाऱ्या ओठांची वाट बघत. असे सल्ले देणाऱ्यांचा अनुभव कितीही असो, हा सल्ला वाईटच.

घूंवर बिनधोक उपाय आहे. अँपला स्वतःचं अर्थिंग, मिक्सरला स्वतःचं, आणि एक्सएलआरच्या १ नंबरच्या पिनने दोन्ही परत एकमेकांना जोडले जातात. झाला फेरा पूर्ण. त्यातून मेन्सचा ५० हर्ट्झचा (काही देशांत ६०) करंट फिरतो आणि त्याच्या वरच्या पटींसकट ऐकू येतो. एकटं यंत्र असताना फेरा होत नाही म्हणून शांत. प्रीअँपवर ग्राउंड लिफ्टचं बटण शोधा. ते फक्त १ नंबरची पिन तोडतं, मेन्सचं अर्थिंग जागच्या जागी राहतं. बटण नसेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय किंवा आयसोलेटर लावा. शिवाय अँप आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या.

आता चीं. तुमची शंका रास्त आहे, पण आवाज सिग्नलच्या वाटेने मागे जातच नाहीये. तो ग्राउंडमधून, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक ‘शून्य’ वायरीतून जातोय. डिजिटल पेडलमधला प्रोसेसर आणि त्याचा व्होल्टेज रेग्युलेटर करंट सलग न घेता अतिवेगाने, झटक्याझटक्याने घेतात. तो करंट माळेच्या सामाईक निगेटिव्हमधून परततो, आणि पॅच केबलच्या जाळीतूनही. वायरीला थोडाफार रोध असतोच, त्यामुळे प्रत्येक पेडलचं ‘शून्य’ किंचित हलतं. ओव्हरड्राइव्ह बंद असला की ते फारसं जाणवत नाही. चालू केलेला ओव्हरड्राइव्ह मात्र हलणाऱ्या शून्यालाच सिग्नल समजून कित्येक पट मोठं करतो. डिले बायपास केला तरी त्याचा प्रोसेसर चालूच असतो, म्हणून चीं तशीच.

खातरजमा सोपी: ओव्हरड्राइव्ह माळेतून काढा आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. चीं गेली तर दोष पेडलचा नाही, सामाईक पॉवरचा.

दुसरा प्रतिसाद

वरचं सगळं पटलं. सामाईक पॉवरवर उपाय म्हणजे आयसोलेटेड पॉवर सप्लाय, ज्यात प्रत्येक सॉकेट आतून बाकीच्यांपासून वेगळा असतो. तो घ्यायला जाल तेव्हा एक बघा: आठ सॉकेट दिसले म्हणजे आठ आयसोलेटेड झाले असं नाही. बऱ्याच डब्यांत आतून निगेटिव्ह एकच असतो, म्हणजे तीच माळ, फक्त चांगल्या कपड्यांत. काहीही न जोडता मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन सॉकेटच्या आतल्या पिना तपासा. बीप वाजली तर आयसोलेशन नाही. प्रत्येक सॉकेट किती मिलिअँपिअर देतो तेही वाचा. डिजिटल पेडलं एकेकटी १०० ते ३०० सहज खातात.

तुमची तिसरी तक्रार हा बिघाड नाहीच. कॉम्प्रेसरने मोठा सूर १० डेसिबलने दाबला आणि तुम्ही लेव्हल तेवढीच वर घेतली, तर सूर विझल्यावर दाब सुटतो आणि मागची सळसळ १० डेसिबल वर येते. लेव्हल गरजेपुरतीच ठेवा. गुणगुणीचं मूळ पिकअपमध्ये असावं. जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, दोन्ही व्हॉल्यूम सारखे असले की त्यांचा हम (तीच गुणगुण) एकमेकांना मारतो. एक कमी केला की तो परत डोकावतो. तुम्ही बेस थेट लावून पाहिलात तेव्हा दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण होते का?

गेटची फडफड: ई तार ४१ हर्ट्झची, तिची एक लाट सुमारे २४ मिलिसेकंदांची. गेटचा रिलीज (बंद व्हायला लागणारा वेळ) त्याहून जलद असेल तर सूर विझताना गेट प्रत्येक लाटेबरोबर उघडझाप करतो. गिटारसाठी लावलेली सेटिंग इथे चालत नाहीत. रिलीज भरपूर लांब करा, थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट बंद होतो ती) खाली आणा. आणि गेट डिलेनंतर लावलात तर डिलेचं शेपूटच छाटेल, त्याला ओव्हरड्राइव्हच्या लगेच नंतर, डिलेच्या आधी बसवा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. बॅटरीवर टाकताक्षणी चीं साफ गेली. लिफ्टचं बटण प्रीअँपच्या बाजूला होतं, दाबलं, घूंही गेली. अर्थिंगच्या पिनेला हात लावलेला नाही.

आणि हो, थेट लावलं तेव्हा दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण होते. पेडलांबरोबर वाजवताना मागचा पिकअप पूर्ण आणि पुढचा अर्ध्यावर असतो. आता उरलंय ते एवढंच: तारांवरचा हात उचलला की हलकी खरखर वाढते, हात ठेवला की दबते. ब्रिजची वायर सुटली असेल का?

प्रतिसाद

उलट! हात ठेवल्यावर दबते म्हणजे ब्रिजची वायर जोडलेली आहे. ती सुटली असती तर तारांना हात लावून फरक पडला नसता. तुमचं शरीर आसपासच्या वायरी, डिमर, चार्जर यांची खरखर पिकअपकडे पोचवत असतं, तारांना हात लागला की तेही ग्राउंड होतं. कंट्रोलच्या आणि पिकअपच्या खोबणीत तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला झाळली की ही खरखर बरीच कमी होईल. सिंगल कॉइलचा चुंबकीय हम मात्र त्याने जाणार नाही, त्यासाठी दोन्ही व्हॉल्यूम सारखे किंवा हम मारणारे पिकअप. पट्टी लावताना जॅकच्या सिग्नलवाल्या (‘हॉट’) टोकाला ती टेकणार नाही एवढं बघा, नाहीतर बेस एकदम मुका होईल.

प्रश्नकर्ता

पट्टी मागवतो. तोवर ओव्हरड्राइव्ह बॅटरीवरच. एक शेवटचं विचारतो: आयसोलेटेड सप्लाय घ्यायचा नसेल, तर फक्त डिलेला वेगळा अ‍ॅडॉप्टर देऊन बाकीची माळ तशीच ठेवली तर चालेल?

प्रतिसाद

बहुतेक वेळा चालतं, डिलेच्या करंटला स्वतःची परतीची वाट मिळते. पण अ‍ॅडॉप्टर स्वस्तातला स्विचिंग असेल तर तो आपली वेगळीच शिट्टी घेऊन येऊ शकतो. आहे त्यातला एखादा लावून बघा आणि इथे कळवा.